शास्त्रीबोवांचे बिऱ्हाड

न्यायाधीशाचे चरित्र लिहू जाणाऱ्याची मोठी अडचण अशी की, ज्या कामात त्याचा जन्म झिजतो ते काम स्वभावतःच नीरस असते. वर्षानुवर्षे वाद्यांच्या तकरिरी ऐकाव्या, जीर्ण महजरांवरील शिक्के निरखावे, साक्षीदारांच्या शपथा घ्याव्या आणि अखेरीस एखाद्या मिराशीचा किंवा भाऊबंदांतील वाटणीचा निवाडा करून कागद रुमालात बांधून टाकावा, यात कीर्तनकाराला अगर नाटककाराला रुचेल असे काय आहे? म्हणून लोकस्मृती अशा पुरुषाच्या आयुष्यातून एखादाच प्रसंग निवडून घेते आणि बाकीची तीस-चाळीस वर्षे दप्तरखान्यात सोडून देते. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या वाट्याला हेच आले. पुतण्याच्या खुनाला प्रायश्चित्त कोणते असे राघोबादादांनी विचारले आणि शास्त्रीबोवांनी देहान्ताखेरीज दुसरे नाही असे तोंडावर सांगितले, एवढे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण असे उत्तर देण्याची ऐपत माणसाच्या अंगी कोठून येते, याची चौकशी करू लागले म्हणजे शनिवारवाड्यातून बाहेर पडून या गृहस्थाच्या बिऱ्हाडी जावे लागते.

प्रभुण्यांचे घर साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील हे गाव त्या काळी छत्रपती शाहूंच्या राजधानीच्या अगदी पायाशी असल्यामुळे तेथे घाट बांधले जात होते, देवालये उठत होती, आणि दानधर्माच्या निमित्ताने सरदार-मुत्सद्द्यांची वर्दळ अखंड चालू होती. अठराव्या शतकाचे पहिले चतुर्थक संपता संपता, विश्वनाथ प्रभुणे यांच्या घरी राम जन्मला. घर देशस्थ ब्राह्मणाचे, परंतु वैभवाचा गंध नसलेले. पितृछत्र लवकर हरपल्याने असो किंवा मुलाचे अभ्यासात मन न रमल्याने असो, विशीच्या आसपास येईपर्यंत हा तरुण विद्येच्या बाबतीत कोराच राहिला आणि साताऱ्यास अनगळ सावकारांच्या घरी शागिर्दी करू लागला, असे परंपरा सांगते.

त्या शागिर्दीतला एक प्रसंग सर्वश्रुत आहे. सावकारांच्या पायांवर पाणी घालीत असता या मुलाची दृष्टी धन्याच्या अंगावरील मोत्यांकडे लागून राहिली, पाण्याची धार चुकली, आणि सावकारांनी त्याला टोमणा मारला की, अशी मोती विद्येने किंवा पराक्रमाने मिळतात, पाहत राहून मिळत नाहीत. मुलगा उठला तो काशीस गेला. आख्यायिकेची सत्यासत्यता तूर्त बाजूला ठेवू. मला तिच्यातील विनोद मात्र मोठा वाटतो. ज्या मोत्यांच्या मोहाने काशीची वाट धरली असे सांगतात, ती मोती पुढे आपण होऊन दाराशी चालत आली तेव्हा त्यांना आत येऊ न देण्यात या माणसाने उरलेला जन्म घालविला.

काशीस त्यांनी बाळंभट्ट पायगुंडे यांच्याजवळ अध्ययन केले. पायगुंडे हे महाराष्ट्रीय घराणे व्याकरणात आणि धर्मशास्त्रात त्या काळी अग्रगण्य होते. मिताक्षरेवरील ‘बाळंभट्टी’ ही सुप्रसिद्ध टीका याच घरातली. ही टीका लक्ष्मीदेवी नावाच्या घरातील स्त्रीच्या नावे प्रसिद्ध आहे, आणि वारसाहक्काच्या प्रश्नात स्त्रियांच्या बाजूने शक्य तितका कौल देण्याचा तिचा कल असल्याने पुढे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांतही तिची चर्चा होत राहिली. मोठ्या वयात मुळाक्षरांपासून आरंभ केलेल्या विद्यार्थ्याला अशा घरी आश्रय मिळाला, याचे श्रेय गुरूंच्या उदारतेला द्यावे तितके थोडे. लहानपणीच विद्या कंठात बसलेल्या पंडिताची आणि जाणत्या वयात ती कष्टाने कमावलेल्या पंडिताची बुद्धी निराळ्या घडणीची असते. पहिला वचने आठवतो, दुसरा ती कोणत्या कामाची हे आधी पाहतो. रामशास्त्र्यांच्या निर्णयांत जो एक व्यवहारी रोखठोकपणा पुढे दिसला, त्याचे मूळ मी या उशिरा झालेल्या उपनयनात पाहतो.

पुण्यास येऊन त्यांनी पेशव्यांची सेवा पत्करली ती १७५१ च्या सुमारास, नानासाहेबांच्या कारकीर्दीत. दप्तरांत त्यांचा प्रवेश प्रथम शास्त्री म्हणून झाला; न्यायाधीश बाळकृष्णशास्त्री यांच्या पश्चात १७५९ साली तो अधिकार त्यांच्याकडे आला. त्या काळच्या न्यायपद्धतीविषयी आजच्या वाचकाची कल्पना बहुधा दिव्याच्या कढईपुरती असते. तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होत असे हे खरे. पण ते शेवटचे साधन, पुरावाच सापडेना तेव्हाचे. एरवी काम ठरलेल्या शिरस्त्याने चाले. अग्रवादी आणि पश्चिमवादी यांनी आपापला करीना लिहून द्यावा, निवाडा मान्य करू असे राजीनामे द्यावेत, वर्तणुकीचा जामीन द्यावा, मग पंच नेमावे. गावकीचा तंटा असेल तर देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदारांसह गोत बसवावे. साक्षी नदीच्या किंवा देवाच्या ठिकाणी घ्याव्या, आणि सर्वांचे सारांश जमवून निवाडपत्र द्यावे. हरलेल्याने यजितपत्र लिहून द्यावयाचे, सरकारात गुन्हेगारी भरावयाची; जिंकलेल्यानेही संतोषाने हरकी द्यावयाची. न्याय करून देण्याबद्दल दोन्हीकडून पैसा घेणारे सरकार आपल्याला चमत्कारिक वाटते खरे, पण आजच्या पक्षकाराने आपला मुद्रांक, वकिलांची फी आणि तारखांचा प्रवासखर्च यांची एकदा बेरीज करून पाहावी आणि मग हसावे.

या पद्धतीत वाट फुटण्यास जागा पुष्कळ होत्या. पंच पक्षकारांच्याच पसंतीचे, दप्तरे खाजगी घरांतून, आणि न्यायाधीशाच्या निर्णयाला अंमलात आणणारा हात शेवटी कारभाऱ्यांचा. तेव्हा मधल्या माणसाला लाच देऊन, दरबारात वशिला लावून किंवा नुसते कालहरण करून सत्य पुरून टाकणे कठीण नव्हते. लिखित कायद्याचे कुंपण नसलेल्या अशा व्यवस्थेत सारी मदार न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या शीलावर पडते. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्याला मराठी राज्यव्यवस्थेविषयी अकारण प्रेम नव्हते. तरी पंचायतीचे दोष सविस्तर मांडूनही ती राखून चालवावी असाच त्याचा कल पडला.

आता बिऱ्हाडाकडे वळू. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. माहुली त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर आणि शास्त्रीबोवांना पाहिलेली माणसे त्या वेळी हयात. त्याने नोंदविले आहे की, एका दिवसाच्या खर्चाला पुरेल त्याहून अधिक काही घरात ठेवावयाचे नाही, असा रामशास्त्र्यांचा नियम होता. इतिहासकार एका वाक्यात हे लिहून पुढे जातो. पण क्षणभर थांबून ज्या बाईला हा नियम पाळून चूल पेटवावी लागत असेल तिचा विचार करावा. पुण्यात पेशवाई भरात आलेली, शेजारच्या वाड्यांत उत्तरेच्या मोहिमांतून आलेल्या शालूंची आणि जवाहिराची रेलचेल, आणि राज्याच्या न्यायाधीशाच्या स्वयंपाकघरात उद्याचे तांदूळ नाहीत! अतिथी अवेळी आला तर? पोर आजारी पडले तर? अपरिग्रह हे व्रत पुरुष घेतो आणि त्याचे उद्यापन घरची बाई रोज करीत असते, हे आपल्या संतचरित्रांतूनही पुष्कळदा दिसते. चरित्रकार मात्र तिचे नाव लिहिण्याचे विसरतात.

तिच्याविषयीची एकच गोष्ट लोकांनी जपून ठेवली आहे. शास्त्रीबोवांच्या पत्नी वाड्यात हळदीकुंकवास गेल्या असता त्यांचा साधा वेष पाहून पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांना संकोच वाटला. त्यांनी त्यांना उंची वस्त्रे नेसवली, अलंकार घातले आणि पालखीतून घरी पाठविले. दारात पालखी उतरताच शास्त्रीबोवांनी भोयांना सांगितले की, तुम्ही घर चुकलात, ही सरदाराच्या घरची बाई दिसते, गरीब शास्त्र्याचे कुटुंब असे नसते. बाईंनी काय ते ओळखले, वाड्यात परत जाऊन अलंकार उतरवून दिले आणि आपल्या लुगड्यात पायी घरी आल्या. शाळेच्या पुस्तकांतून ही कथा निःस्पृहतेचा आदर्श म्हणून येते आणि तशी ती आहेही; परंतु भोयांच्या देखत दारातून परत फिरविल्या गेलेल्या त्या स्त्रीच्या मनाची कल्पना मला अधिक अस्वस्थ करते. कठोर न्यायाधीश घरातही कठोरच होता. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, त्या एका दागिन्याने उद्या एखाद्या सरदाराचा वतनाचा तंटा न्यायासनापुढे आला असता शास्त्रीबोवांचा शब्द किती हलका झाला असता, हे त्या पतिपत्नींइतके पुण्यात दुसऱ्या कोणालाही कळलेले नव्हते.

भावाची गोष्ट याहून सौम्य आहे, आणि मला ती जास्त आवडते. श्रावणमासात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल होती. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी आपल्याकडे घेऊन फार वाढविली होती, आणि विद्येची परीक्षा करून रक्कम ठरविण्यात रामशास्त्र्यांचा शब्द अखेरचा असे. (पेशवाई बुडाल्यावर याच दक्षिणेच्या निधीतून इंग्रजांनी १८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली.) एके वर्षी शास्त्रीबोवांचे बंधू दक्षिणेस आले. बेताच्या विद्येच्या ब्राह्मणाला दोन रुपये मिळत. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी भिडेपोटी वीस रुपये सुचविले. शास्त्रीबोवा म्हणाले, यांची विद्या दोन रुपयांचीच आहे, तेवढेच सरकारातून द्यावे. माझे बंधू म्हणून जे काय द्यावयाचे ते मी घरी देईन. नात्याची ओढ त्यांनी नाकारली नाही. तिचा खर्च सरकारी खजिन्यावर टाकला नाही, इतकेच. या गोष्टीतले अंतर राखणे आपल्या सार्वजनिक जीवनात आजही किती जणांना साधते, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या गावापुरता करावा.

१७६१ साली पानिपताच्या आघातानंतर माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला आणि शास्त्रीबोवांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ सुरू झाला. या तरुण पेशव्याला स्नानसंध्या आणि जपजाप्य यांचा नाद लागून राज्याचे काम खोळंबू लागले, तेव्हा शास्त्रीबोवांनी काशीस जाण्यासाठी निरोप मागितला. कारण विचारता त्यांनी सांगितले की, ब्राह्मणाचाच धर्म आचरावयाचा असेल तर श्रीमंतांनीही मसनद सोडून गंगातीरी चलावे. आणि पूर्वजांनी पत्करलेला क्षात्रधर्म चालवावयाचा असेल तर रयतेचे पालन हाच जप समजावा. माधवरावाने ऐकले, हे त्याचे मोठेपण. राजाला असे बोलणारे शास्त्री इतिहासात थोडे. पण ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत येऊन बसणारे राजे त्याहून थोडे.

या शिकवणुकीचा एक परिणाम आमच्या उत्तर कोकणाशी निगडित आहे. मराठी कागदांत ‘प्रांत कल्याण भिवंडी’ असा ज्याचा उल्लेख येतो तो मुलूख घाटावरून उतरणाऱ्या मालाचा आणि वसईकडे जाणाऱ्या वाटांचा; तेव्हा सरकारी अंमलदाराचे ओझे गावोगावच्या रयतेच्या डोक्यावर लादून फुकट पुढे ढकलण्याची वेठ येथे किती सोयीची असेल, हे सांगावयास नको. माधवरावाने ही वेठ बंद केली. हुकूम निघूनही वसईचे सुभेदार विसाजीपंत यांचा माल वेठीने येत असल्याचे कळताच त्याने तो जप्त केला आणि पुन्हा ताकीद दिली. सुभेदार म्हणजे लहान आसामी नव्हे. मुंबईच्या टोपीकरांवर नजर ठेवणारा तो अधिकारी. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर आज कापडाचे तागे आणि सुताचे बीम लादलेल्या टेम्पोंच्या गर्दीतून वाट काढताना नगामागे किती घेणार ते ठरविल्याशिवाय पाठीवर गाठ न घेणारा हमाल दिसतो, तेव्हा या मुलखातल्या ओझ्याला मोल आहे असे अडीचशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने सुभेदाराच्या पदरी मारून सांगितले होते, याची आठवण मला झाल्यावाचून राहत नाही. हुकूम पेशव्याचा, पण त्याची धर्मबुद्धी ज्या तालमीत तयार झाली ती शास्त्रीबोवांची.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास माधवराव वारला आणि पुढल्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, राघोबादादांचा अठरा वर्षांचा पुतण्या नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. ती दुपार पुष्कळांनी पुष्कळ वेळा वर्णिली आहे. मी तिच्यात शिरत नाही. राघोबादादा ऊर्फ दादासाहेब पेशवे झाले, आणि शहर भयाने मूक असता न्यायाधीशाने आपल्या अधिकारात चौकशी आरंभिली. सुमेरसिंग गारद्यास दादासाहेबांनी लिहिलेला, पुतण्याला धरण्याविषयीचा कागद शास्त्रीबोवांनी पाहिला तेव्हा त्यातील अक्षर फिरवून ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले आढळले, असे डफने लिहिले आहे. आनंदीबाईंच्या माथी मारलेला ‘ध चा मा’ तो हाच, आणि त्या बाईंविरुद्ध लोकप्रवादाखेरीज बळकट पुरावा पुढे आलेला नाही, हे न्यायाधीशाच्या चरित्रात तरी सांगितले पाहिजे. यानंतरचा संवाद सर्वांस ठाऊक आहे. शास्त्रीबोवांनी प्रायश्चित्त सांगितले, दादासाहेबांच्या अंमलात पुण्यात पाऊल ठेवणार नाही असे बजाविले, आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. त्या प्रस्थानाला किती वेळ लागला असेल? ज्या घरात उद्याचे धान्य नाही, त्या घराचा पसारा आवरावयास फार अवधी लागत नाही. ज्या गृहिणीला पालखीतून दागिने परत करावे लागले होते तिच्याजवळ जप्तीची भीती वाटावी असे काहीच नव्हते. दोन दशके चालविलेल्या त्या कृपण संसाराचा अर्थ त्या दिवशी उलगडला.

इंग्रजांच्या इतिहासात रामशास्त्र्यांचा जोडीदार शोधावयाचा तर तो पंधराव्या शतकाच्या आरंभीचा सर विल्यम गॅस्कॉइन. हा १४०० साली राजा चौथा हेन्री याचा मुख्य न्यायाधीश झाला. १४०५ साली यॉर्कचा आर्चबिशप स्क्रोप याने बंड केले, तेव्हा धर्मगुरूला देहदंड देणे आपल्या अधिकारात नाही असे सांगून गॅस्कॉइनने निकाल देण्याचे नाकारले, अशी परंपरा आहे. राजाने दुसऱ्याकडून ते काम करवून घेतले. उच्छृंखल युवराजाने न्यायालयात येऊन दांडगाई केली म्हणून त्याने युवराजालाच तुरुंगात धाडले, ही दुसरी कथा टॉमस एलियटने १५३१ साली ग्रंथात घातली आणि पुढे शेक्सपिअरच्या नाटकामुळे अजरामर झाली. नाटकात तो युवराज राजा झाल्यावर त्याच न्यायाधीशाला सन्मानाने अधिकारावर ठेवतो. प्रत्यक्षात १४१३ साली पाचवा हेन्री गादीवर येताच त्या जागी हँकफर्ड या दुसऱ्या न्यायाधीशाची नेमणूक झाली. गॅस्कॉइन १४१९ साली वारला. त्याने दोन विवाह केले, जमीनजुमला राखला, यॉर्कशायरमध्ये त्याचे घराणे पुढे नांदले, आणि हेअरवुडच्या चर्चमध्ये न्यायाधीशाच्या पोशाखातील त्याची कोरीव मूर्ती पत्नीच्या मूर्तीशेजारी निजलेली आजही पाहावयास मिळते.

या दोन न्यायाधीशांच्या बाबतीत लोककथेने मोठी मौज केली आहे. इंग्रज न्यायाधीश खरोखर अधिकारावरून गेला, त्याला कथेने अधिकारावर ठेवले. आमचा न्यायाधीश खरोखर परत आला, त्याला कथेने खेड्यातच बसवून टाकले. डफनेही शास्त्रीबोवांचे उर्वरित आयुष्य त्या एकांतात गेले असे लिहिले, आणि नाटक-सिनेमांना तोच शेवट सोयीचा पडला. १९४४ साली प्रभातने काढलेल्या आणि गजानन जागीरदारांनी गाजविलेल्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने तर ही मूर्ती घराघरांत पक्की केली. वस्तुतः शास्त्रीबोवांची प्रतिज्ञा दादासाहेबांच्या अंमलापुरती होती. दादासाहेबांविरुद्ध एकवटलेल्या मुत्सद्द्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कारस्थान केले, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाचा पुत्र सवाई माधवराव जन्मला, दादासाहेब पुण्यास पारखे झाले, आणि पुढे बारभाईंच्या कारभारात शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर आले. तेच महजर, तेच करीने, तेच भाऊबंदांचे तंटे. निघून जाण्याइतकेच हे परत येणेही मोलाचे होते, असे मला वाटते. मानाने घर सोडून गेलेला मनुष्य पुन्हा जुन्या जागी बसून रोजचे काम उचलतो, त्यात टाळ्या मिळत नाहीत.

या उत्तरायुष्यातील एक आठवण कुटुंबाच्याच प्रश्नाची आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांची कन्या कोवळ्या वयात विधवा झाली. तिचा पुनर्विवाह करावा असे त्या रणशूर बापाच्या मनात आले, आणि शास्त्राधार विचारता रामशास्त्र्यांनी अनुकूल मत दिले असे सांगतात. बेत सिद्धीस गेला नाही. घरातूनच विरोध झाला असे म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींचा परामर्श घेताना भाऊंच्या या प्रयत्नाची दखल घेतली. स्वतःच्या पत्नीला दारातून परत फिरविणारा हा पुरुष दुसऱ्याच्या मुलीच्या दुःखापुढे शास्त्र वाकवावयास तयार झाला, की काशीतील पायगुंड्यांच्या घरचे संस्कार चार दशकांनी बोलू लागले? मला दुसरा तर्क अधिक पटतो, कारण शास्त्र वाकविण्याची त्यांची सवय नव्हती. त्यात मुळात जे आहे ते भिडेशिवाय वाचण्याची होती.

१७८९ साली रामशास्त्री वारले. त्यांचे पुत्र गोपाळशास्त्री. परंतु न्यायाधीशीची वस्त्रे मुलाकडे न येता अय्याशास्त्री यांच्याकडे गेली. ज्या राज्यात पेशवाई, फडणिशी, सरदारकी आणि गावची पाटिलकीसुद्धा बापाकडून मुलाकडे उतरत होती, तेथे हा एक अधिकार वतन होऊन बसला नाही. दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, कोतवाल घाशीराम याने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी पुष्कळ जण गुदमरून मेल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा क्षुब्ध ब्राह्मणांच्या जमावाने न्यायासाठी वाड्याची वाट धरली आणि वाटेत न्यायाधीश अय्याशास्त्र्यांनाच घेरले.